औषध आहे, मग पोचत का नाही? अमेरिकेतला ब्लॅक समाज आणि एचआयव्ही

(हे या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

कुणी लोकलमध्ये असाल, कुणी पीएमटीत, कुणी ऑफिसच्या कॅबमध्ये, कुणी भांडी घासता घासता ऐकत असाल.

आजचा विषय लांबचा वाटेल. अमेरिकेतले ब्लॅक लोक आणि एचआयव्ही. मागच्या भागाच्या शेवटी मी हे नुसतं सांगितलं, तर दोन-तीन मेसेज आले की "अरे, याचा आपल्याशी काय संबंध?" संबंध आहे, पण तो शेवटी सांगतो. आधी मूळ गोष्ट नीट बघू. कारण माझ्या डोक्यात हा विषय शिरला तो एका आकड्यामुळे. मी काही डॉक्टर नाही, बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. एखादा आकडा पटला नाही की मला झोप लागत नाही.

तर आकडा असा. अमेरिकेत दर १०० माणसांमागे साधारण १२ जण ब्लॅक आहेत. आता तिथली सीडीसी, म्हणजे रोगनियंत्रणाचं काम करणारी सरकारी संस्था, तिचा २०२२ चा अंदाज बघा. त्या वर्षी देशात एचआयव्हीचे सुमारे ३१,८०० नवे संसर्ग झाले. त्यातले ३७ टक्के ब्लॅक लोकांमध्ये. लोकसंख्येत १२ आणि संसर्गात ३७. म्हणजे तिप्पट.

बरं, औषध नाही असं आहे का? तर औषध आहे. प्रेप नावाची गोळी आहे. ज्याला एचआयव्ही नाही, पण होण्याची शक्यता आहे, अशा माणसाने ती रोज घ्यायची. अमेरिकेत या कामासाठी तिला जुलै २०१२ मध्ये मंजुरी मिळाली. नियमित घेतली तर लैंगिक संबंधातून होणाऱ्या संसर्गाचा धोका साधारण ९९ टक्क्यांनी कमी होतो. शिवाय ज्यांना एचआयव्ही झालेला आहे त्यांनी रोजचं औषध घेऊन रक्तातला विषाणू इतका खाली आणला की तपासणीत दिसेनासा झाला, तर त्यांच्याकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी कुलूप आहे आणि दोन्ही किल्ल्या हातात आहेत.

आता दुसरा आकडा ऐका. सीडीसीच्याच २०२२ च्या अंदाजाप्रमाणे, प्रेपचा फायदा होईल अशा १०० गोऱ्या लोकांपैकी ९४ जणांना ती लिहून दिली गेली. आणि अशा १०० ब्लॅक लोकांपैकी? १३ जणांना.

९४ आणि १३. गोळी तीच, देश तोच, वर्ष तेच.

आपल्या भाषेत सांगायचं तर कोड चालतोय, सर्व्हर चालू आहे, पण ठरावीक युजरपर्यंत रिस्पॉन्सच जात नाही. अशा वेळी आपण काय करतो? मधला रस्ता तपासतो. आज तेच करू.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण तो तुमच्याही मनात आला असेल. "त्या लोकांचं वागणंच तसं असेल." माझ्यासमोर हे वाक्य अगदी शिकलेल्या माणसांनी बोललंय. पण हे तपासून झालंय. ग्रेग मिलेट नावाचे संशोधक आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षांचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात दिसलं की ब्लॅक गे आणि बायसेक्शुअल पुरुष गोऱ्यांपेक्षा जास्त धोका पत्करत नाहीत. कंडोमचा वापर साधारण तेवढाच, जोडीदारांची संख्या उलट कमी. तरीही संसर्ग कितीतरी जास्त.

हे कसं शक्य आहे? इथे आपलं कॉलेजमधलं ग्राफ थिअरीचं ज्ञान कामाला येतं. एक काल्पनिक उदाहरण घ्या, हे आकडे खरे नाहीत, फक्त समजण्यासाठी. एका गटात १०० पैकी ३ जणांच्या अंगात औषधाने न दबलेला विषाणू आहे. दुसऱ्या गटात १०० पैकी २०. पहिल्या गटातल्या माणसाचे पाच जोडीदार झाले, तर त्यातला निदान एक जण विषाणू असलेला निघण्याची शक्यता साधारण १४ टक्के. दुसऱ्या गटातल्या माणसाचे फक्त दोन जोडीदार झाले, तर ती शक्यता ३६ टक्के. कळलं? दुसरा माणूस जास्त जपून वागला आणि तरी त्याचा धोका अडीचपट. कारण धोका एकट्या माणसात नसतो, तो ज्या जाळ्यात राहतो त्या जाळ्यात असतो.

आणि ते जाळं तसं का झालं? कारण निदान उशिरा, उपचार उशिरा, विमा नाही, दवाखाना लांब. अमेरिकेत गरिबांसाठी मेडिकेड नावाची सरकारी विमा योजना आहे. ओबामांच्या काळातल्या कायद्याने ती जास्त लोकांपर्यंत वाढवायची सोय झाली, पण काही राज्यांनी ती वाढवलीच नाही. मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, साउथ कॅरोलायना, टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसी. नकाशा उघडून बघा. ही दक्षिणेतली राज्यं. देशातले जवळपास निम्मे नवे संसर्ग दक्षिणेत होतात, आणि ब्लॅक लोकांची मोठी वस्तीही तिथेच आहे.

२०१६ साली सीडीसीने एक हिशोब मांडला होता. तेव्हाचे दर तसेच राहिले तर गोऱ्या गे आणि बायसेक्शुअल पुरुषांपैकी ११ मध्ये एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्हीचं निदान होईल. ब्लॅक गे आणि बायसेक्शुअल पुरुषांमध्ये हा आकडा होता दोनात एक. म्हणजे नाणं उडवायचं. आणि हे फक्त पुरुषांचं नाही. तिथे एचआयव्हीचं नवं निदान होणाऱ्या बायकांमध्येही साधारण निम्म्या ब्लॅक असतात. त्यांच्याबद्दल बोललं जातं त्याहून कमी.

बरं, मग दवाखाने उघडा, जाहिराती लावा, झालं काम? नाही ना. इथे येतो विश्वासाचा प्रश्न. आणि तो उगाच आलेला नाही.

१९३२ साली अलाबामातल्या मेकन काउंटीत सरकारी आरोग्य खात्याने एक अभ्यास सुरू केला. सुमारे ६०० ब्लॅक पुरुष, बहुतेक गरीब शेतकरी. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचं खरं नाव सांगितलंच नाही. "बॅड ब्लड" आहे, आम्ही उपचार करतोय, एवढंच सांगितलं. खरं तर उपचार न मिळाल्यावर आजार कसा वाढत जातो, हे त्यांना बघायचं होतं. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा सिफिलिसवरचा रूढ उपचार झाला. तरी या लोकांना दिलं नाही. हे चाललं १९७२ पर्यंत. चाळीस वर्षं! पीटर बक्स्टन नावाच्या कर्मचाऱ्याने माहिती बाहेर काढली, जीन हेलर या पत्रकार बाईंनी बातमी दिली, तेव्हा ते बंद झालं. देशाच्या अध्यक्षांनी, बिल क्लिंटन यांनी, माफी मागितली १९९७ साली.

आता विचार करा. १९८१ च्या जूनमध्ये एड्सची पहिली सरकारी नोंद प्रसिद्ध झाली. म्हणजे टस्कीगीची बातमी फुटून जेमतेम नऊ वर्षं झाली होती. त्याच सरकारी खात्याचे लोक पुन्हा दारात उभे. "रक्त द्या, तपासायचंय." दार उघडलं जाईल?

म्हणून दार उघडायला दुसरी माणसं लागली. आणि ती होतीच, गल्लीतली, ओळखीची.

साउथ कॅरोलायना राज्यात कोलंबिया नावाचं शहर आहे. तिथे डायना डायना नावाच्या बाई केसांचं सलून चालवायच्या. हो, नाव आणि आडनाव दोन्ही डायना. ऐंशीच्या दशकात एड्सबद्दल त्या भागात कुणी धड बोलत नव्हतं, तेव्हा या बाईंनी आपल्याच सलूनमध्ये माहिती आणि कंडोम ठेवायला सुरुवात केली. डॉक्टर बॅम्बी सम्प्टर यांच्या सोबतीने त्यांनी त्याच सलूनमधून एक संस्था उभी केली. त्यांच्या कामावर एलन स्पायरो यांनी माहितीपटही केला. सलूनच का? तर तिथे बाई दोन-दोन तास खुर्चीत बसते, बोलते, घाई नसते. डॉक्टर सात मिनिटं देतो.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं. पर्नेसा सील या हार्लेम हॉस्पिटलमध्ये काम करायच्या. एड्सचे रुग्ण मरताना त्यांच्या उशाशी त्यांच्या चर्चचं कुणी येत नाही हे त्या रोज बघत होत्या. चर्चमध्ये या आजाराचं नावच घेत नव्हते, पाप म्हणून. बाईंनी भांडण काढलं नाही. १९८९ साली हार्लेममध्ये एड्ससाठी प्रार्थना सप्ताह भरवला. प्रार्थनेला नाही कोण म्हणणार? आणि एकदा प्रार्थनेत आजाराचं नाव आलं की मग चर्चच्या हॉलमध्ये माहितीसत्रही होतं आणि चाचणीही. त्यातूनच पुढे 'बाम इन गिलियड' ही मोठी संस्था झाली.

तिसरं, बॉलरूम. तुम्ही वेबसिरीजमध्ये ते व्होगिंग बघितलं असेल. घरातून हाकललेली ब्लॅक आणि लॅटिनो गे, ट्रान्स मुलं-मुली 'हाउस' करून राहायची, हाउसची एक 'मदर' असायची, स्पर्धा व्हायच्या. न्यूयॉर्कमध्ये नव्वदच्या दशकापासून 'लेटेक्स बॉल' भरतो. नावातच कंडोम आहे! नाच, कपडे, ट्रॉफ्या सगळं तसंच, आणि बाजूला एचआयव्हीची माहिती आणि चाचणी. म्हणजे लोकांना दवाखान्यात ओढत नेलं नाही. ते जिथे आनंदाने जातात तिथे दवाखाना गेला.

आणि चौथं माझं आवडतं. वॉशिंग्टन डीसीमध्ये २०१० साली एचआयव्हीची चाचणी सुरू झाली कुठे? तर लायसन्सच्या ऑफिसात. आपलं आरटीओ समजा. टोकन घेऊन तास-दीड तास बसायचंच आहे, तर तेवढ्यात चाचणी करून घ्या! शहराच्या आग्नेय भागात, जिथे ब्लॅक वस्ती जास्त, तिथल्या ऑफिसात स्थानिक संस्थेचे लोक बसायचे. मला हे वाचून हसू आलं आणि लगेच वाटलं, किती साधं आहे हे. रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे वेळ असतो, आणि रांगेत असल्यावर कुणी विचारत नाही की तू इथे का आलास. चाचणीच्या केंद्राबाहेर मात्र ओळखीचं कुणी दिसलं की पाय मागे येतो.

मी स्वतः ऑनसाइट म्हणून चौदा महिने अटलांटाला होतो. पहिल्याच आठवड्यात देसी ग्रुपवर सल्ला आला, "अमुक भागात जाऊ नको हां, तिकडे सगळे तेच." 'तेच' म्हणजे कोण ते सांगायची गरज नव्हती. पण माझ्या घराजवळ स्वस्तात केस कापणारं दुकान होतं ते 'त्यांचं'च. गेलो. आरशाच्या बाजूला कंडोमची बरणी, आपल्याकडे काउंटरवर चॉकलेटची असते तशी, आणि एक कागद चिकटवलेला, की शनिवारी मागच्या खोलीत मोफत चाचणी. मी विचारलं तर दुकानवाल्या काकांनी कात्री न थांबवता सांगितलं की चाचणी करणारी मुलगी याच गल्लीत वाढली आहे, तिचा भाऊ लहानपणापासून इथेच केस कापतो. त्यांच्या लेखी तिची पात्रता एवढीच होती, आणि ती पुरेशी होती. शनिवारी मी मुद्दाम जाऊन बघितलं. लोक केस कापायचा नंबर लावत होते आणि मध्येच उठून मागे जाऊन येत होते. कुणी मान वळवून बघत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, गोष्टी छान आहेत, पण याने फरक पडतो का? डेटा दाखव. दाखवतो.

वॉशिंग्टन डीसी. २००९ साली शहराचा अहवाल आला, तेव्हा तिथल्या दर १०० प्रौढांमागे ३ जणांना एचआयव्ही होता. अमेरिकेच्या राजधानीत! एक टक्क्याच्या वर गेलं की साथ सगळ्या लोकसंख्येत पसरली असं धरतात. शहराच्या अधिकाऱ्यांनीच तेव्हा युगांडाशी तुलना केली होती. त्यातला एक भाग सुयांमधून पसरत होता, ड्रग्ज घेणारे लोक एकच सुई वाटून घ्यायचे म्हणून. संस्था म्हणत होत्या की जुनी सुई घेऊन स्वच्छ सुई देऊ द्या. पण अमेरिकन संसदेने शहराला स्वतःचा पैसासुद्धा त्यावर खर्च करायला बंदी घातली होती. ती उठली २००७ च्या डिसेंबरमध्ये. स्थानिक संस्था गाड्या घेऊन गल्ल्यांत उतरल्या. २००७ मध्ये सुयांमुळे झालेली नवी प्रकरणं होती १४९. २०११ मध्ये? ३०. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी हिशोब केला, तर पहिल्या दोन वर्षांतच सुमारे १२० संसर्ग टळले होते आणि उपचारांचे चार कोटी डॉलरहून जास्त पैसे वाचले होते. शहरातली सगळी मिळून नवी निदानं २००७ मध्ये १,३०० हून अधिक होती, ती २०१७ पर्यंत ३७० च्या आसपास आली. चाचणी, सुया, कंडोम, लवकर उपचार, सगळ्याचा मिळून हा परिणाम.

आता प्रेपचं बघू. लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन डीसी आणि नॉर्थ कॅरोलायनातलं चॅपल हिल, या तीन ठिकाणी एक अभ्यास झाला, एचपीटीएन ०७३ नावाचा. २२६ ब्लॅक गे आणि बायसेक्शुअल पुरुष. प्रेप मोफत, पण घ्यायलाच पाहिजे असं नाही. सोबत प्रत्येकाला एक माणूस जोडून दिला. तो विचारायचा, तुला आत्ता काय अडतंय? कुणाला नोकरी, कुणाला घर, कुणाला विम्याचा फॉर्म. त्या अडचणीला आधी हात घालायचा, गोळीचं नंतर. २२६ पैकी १७८ जणांनी, म्हणजे ७९ टक्के लोकांनी, प्रेप सुरू केली.

मघाचा आकडा आठवा. १३. आणि इथे ७९. दोन्ही आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, कारण हा अभ्यास आहे, औषध फुकट होतं, लोक स्वतःहून आले होते. तेवढी सूट देऊ. पण "ते लोक औषध घ्यायलाच तयार नसतात" हे म्हणणं तरी यापुढे टिकत नाही.

आणखी एक अभ्यास सांगतो, एचआयव्हीचा नाही, ब्लडप्रेशरचा. लॉस एंजेलिसमधली ५२ ब्लॅक मालकांची सलून्स, ३१९ गिऱ्हाईकं, निकाल प्रसिद्ध झाला २०१८ मध्ये. निम्म्या ठिकाणी दुकानदाराने फक्त सल्ला दिला, की मीठ कमी कर, डॉक्टरकडे जा. उरलेल्या ठिकाणी फार्मासिस्ट स्वतः सलूनमध्ये येऊन तिथेच औषध सुरू करायचा. सल्लावाल्यांचं वरचं प्रेशर सरासरी ९ अंकांनी उतरलं. औषधवाल्यांचं २७ अंकांनी. मला यातून एक गोष्ट कळली. ओळखीचा माणूस दार उघडून देतो, पण दारातून आत काहीतरी ठोस यायला हवं. नुसती जागृती, पोस्टर, रील यांनी थोडंच होतं. गोळी, सुई, चाचणी, पुढच्या अपॉइंटमेंटला जायला बसचं तिकीट, हे आलं तर काम होतं.

इथे थांबून एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. "आपला माणूस पाठवा म्हणजे झालं" असं समजू नका. टस्कीगीत काय झालं होतं माहितीये? त्या ६०० पुरुषांना गाडीत बसवून तपासणीला आणणारी, त्यांची विचारपूस करणारी नर्स युनिस रिव्हर्स स्वतः ब्लॅक होती. लोकांचा तिच्यावर विश्वास होता. त्या विश्वासाच्या जोरावरच अभ्यास चाळीस वर्षं चालला. म्हणजे ओळखीचा चेहरा वापरून फसवताही येतं.

मग फरक कशात आहे? तो माणूस उत्तर कुणाला देतो यात. १९८३ साली डेनव्हर शहरात एड्स असलेल्या लोकांनीच एकत्र येऊन काही तत्त्वं मांडली. आम्हाला 'बळी' म्हणू नका, आणि आमच्याबद्दलचे निर्णय होतात त्या प्रत्येक टेबलावर आम्हाला जागा द्या, असा त्याचा सारांश. समाजातून चालणारी सेवा म्हणजे ब्लॅक कर्मचारी ठेवलेली सेवा एवढंच नाही. पैसा कुठे खर्च करायचा हे कोण ठरवतं, माहिती कुणाकडे राहते, एखादी गोष्ट चुकीची वाटली तर थांबवायचा अधिकार कुणाला आहे, हे बघायचं. आपण ॲप बनवणाऱ्यांनी तर हे लिहूनच ठेवावं. वापरणाऱ्याला विचारून त्याच्यासाठी बनवणं वेगळं आणि त्याच्या हातात ॲडमिनचे हक्क देणं वेगळं.

आणि हे काम कागदावर दिसतं तेवढं गोंडस नाही. या सेवा बऱ्याचदा एक-दोन वर्षांच्या अनुदानावर चालतात. गल्लीतली मुलगी शिकते, लोक तिला ओळखायला लागतात, आणि अनुदान संपतं. पुढच्या वर्षी नवी संस्था, नवा लोगो, नवी मुलगी. विश्वास मात्र पुन्हा शून्यापासून. पगार कमी, काम रात्रीअपरात्री. आणि यातली बरीचशी मंडळी स्वतः एचआयव्हीसह जगणारी, म्हणजे स्वतःची तब्येतही सांभाळायची.

आता २०२५ कडे या. एकाच वर्षात दोन उलट गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्यात मोठी नोकरकपात झाली आणि सीडीसीच्या एचआयव्ही प्रतिबंध विभागातल्या अनेक शाखा बंद झाल्या. गल्लीतल्या संस्थांना पैसा बऱ्याच अंशी याच विभागाकडून जातो. आणि जूनच्या १८ तारखेला तिथे लेनाकापाविर या औषधाला प्रतिबंधासाठी मंजुरी मिळाली. वर्षातून फक्त दोन इंजेक्शनं! दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ मुली आणि तरुण बायकांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. शून्य. रोज गोळी लपवून ठेवायची कटकट नाही, घरच्यांनी डबी बघितली तर काय ही भीती नाही. म्हणजे सगळ्यात चांगलं औषध आलं त्याच वर्षी ते दारापर्यंत नेणारी माणसं कमी केली. अमेरिकेतली त्याची छापील किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर. जूनच्याच शेवटी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपन्यांनी प्रतिबंधाची औषधं मोफत देण्याची तरतूद कायम ठेवली, ही चांगली बातमी. पण ज्याच्याकडे विमाच नाही त्याचं काय? फिरून आपण मिसिसिपीत येतो.

आणि आता "आपल्याशी काय संबंध" या प्रश्नाकडे.

पहिला संबंध अगदी आपल्या घरातला. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी एचआयव्हीची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांची किंमत दहा हजारांच्या वर होती. आफ्रिकेत उपचार पोचण्यात त्याचा मोठा वाटा आहे. आणि या नव्या इंजेक्शनची स्वस्त आवृत्ती १२० देशांसाठी बनवायचा परवाना ज्या सहा कंपन्यांना मिळाला, त्यात पुण्याची एमक्योर आहे. भारतातल्याच दोन कंपन्यांनी, डॉक्टर रेड्डीज आणि हेटेरो यांनी, २०२७ पासून ते वर्षाला ४० डॉलरला देऊ असं जाहीर केलंय. त्या १२० देशांत अमेरिका नाही. म्हणजे मिसिसिपीतल्या विमा नसलेल्या माणसाला २८,००० आणि दुसरीकडे ४०.

दुसरा संबंध, दारापर्यंत नेण्याचा. सांगलीत 'संग्राम' आणि 'व्हॅम्प'मधल्या वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायकांनी नव्वदच्या दशकात हेच करून दाखवलं. कंडोम वाटणाऱ्याही त्याच, बैठकीत निर्णय घेणाऱ्याही त्याच. कोलंबियातलं सलून आणि सांगलीतली वस्ती यांची एकमेकींशी ओळख नव्हती, तरी दोन्हीकडे उत्तर तेच निघालं.

आणि तिसरा संबंध तुमच्या-माझ्या तोंडाचा. आपल्यातले कितीतरी जण तिकडे शिकायला, नोकरीला जातात. अटलांटा, डॅलस, ह्यूस्टन, शार्लट. गणपती बसवतो, ढोल वाजवतो, आणि व्हॉट्सॲपवर 'ते लोक' म्हणून विनोद फिरवतो. ज्या देशात माणसाचा रंग बघून त्याचा आजार त्याच्या चारित्र्याला चिकटवला गेला, तिथे जाऊन आपणही तोच शिक्का उचलायचा? आपल्याला जातीचा शिक्का माहीत आहे. अमुक वस्तीतला म्हणजे असाच असणार, हे वाक्य आपण मराठीतही ऐकलंय. पुढच्या वेळी ग्रुपवर तसा विनोद आला तर भाषण देऊ नका, फक्त ९४ आणि १३ हे दोन आकडे टाका आणि विचारा, हे वागण्यामुळे झालं का?

जाता जाता कामाच्या गोष्टी, आपल्याकडच्या. भारतात एचआयव्हीची चाचणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशनही मिळतं. १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फुकट. असुरक्षित संबंध आला, कंडोम फाटला, सुई लागली, तर ७२ तासांच्या आत पेप नावाचं औषध सुरू करता येतं, जितकं लवकर तितकं चांगलं. आणि २०१७ च्या कायद्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढताही येत नाही. हे चार मुद्दे कुणाला तरी पाठवून ठेवा. ज्याला लागतील तो तुम्हाला येऊन सांगणार नाही.

बाकी तुमच्या गल्लीत असं एखादं सलून, एखादं दुकान, एखादी टपरी आहे का, जिथे लोक डॉक्टरपेक्षा मोकळेपणाने बोलतात? मला कळवा, व्हॉइस नोट पाठवली तरी चालेल. नावं न घेता पुढच्या भागात ऐकवीन. पुढचा भाग रविवारी सकाळी. तोवर काळजी घ्या, आणि इंडिकेटर देऊनच वळा!